शिकागो बघायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या शिकागोच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत. उन्हाळा लागला की कुणाचे आई-बाबा येतात, कुणाची बहीण मुलांना घेऊन येते, कुणी न्यूयॉर्क-नायगराच्या सहलीला जोडून तीन दिवस शिकागोत काढतं. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. शिकागो पायी आणि पाण्यावरून बघायचं शहर आहे. त्याचा गाभा इतका आटोपशीर आहे की एका दिवसात बरंच काही सहज होतं, आणि त्यातलं बरंच फुकट आहे. महागड्या तिकिटांचे गठ्ठे आधीच घेऊन ठेवलेली मंडळी इथे दमतात आणि शहर बघायचं राहून जातं.

कोणत्या महिन्यात यावं?

मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही. मला विचाराल तर सप्टेंबर. ऊन कोवळं झालेलं असतं, शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरते आणि नदीतल्या बोटी, कारंजी सगळं चालू असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तीस अंशांच्या आसपास जातो आणि हवेत दमटपणा असतो. मुंबईकरांना त्याचं काही वाटत नाही.

मे महिन्यात येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नेपरव्हिलला अंगात टी-शर्ट पुरतो आणि तासाभराने तळ्याकाठी उतरल्यावर हुडहुडी भरते. मिशिगन सरोवराचं पाणी वसंतात फार थंड असतं आणि त्यावरून येणारा वारा काठची हवा कित्येक अंशांनी खाली आणतो. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पातळ जाकीट जवळ हवंच.

जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रँट पार्कमध्ये लोलापलूझा हा मोठा संगीत महोत्सव असतो. त्या चार दिवसांत हॉटेलांचे दर चढतात आणि आसपासचे रस्ते बंद होतात. तारखा आधी बघा आणि ते दिवस टाळा.

किती दिवस पुरतील?

तीन दिवस चांगले. एक दिवस डाउनटाउन, म्हणजे लूप आणि नदीचा परिसर. एक दिवस संग्रहालयांचा. तिसरा दिवस शहराच्या एखाद्या वस्तीत घालवावा. डेव्हन अव्हेन्यू, हाइड पार्क, पिल्सन, चायनाटाउन यांपैकी जे आवडेल ते. हा तिसरा दिवस बहुतेक जण गाळतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

विमानतळावरून शहरात कसं यायचं?

ओहेअरवर उतरलात तर ब्लू लाइनची ट्रेन. ही गाडी चोवीस तास चालते आणि पाऊण तासात लूपमध्ये पोचवते. मिडवे विमानतळावर उतरलात तर ऑरेंज लाइन. ती जवळून येते, पण रात्रभर चालत नाही. ओहेअर स्टेशनवरून चढताना भाडं इतर स्टेशनांपेक्षा जास्त पडतं, तरीही ते टॅक्सीच्या मानाने काहीच नाही. वेगळं कार्ड काढायची गरज नसते, टॅप होणारं क्रेडिट कार्ड फाटकाला लावलं की झालं. मात्र प्रत्येक माणसाने आपापलं कार्ड लावावं आणि तेच कार्ड दिवसभर वापरावं, नाहीतर गाडी बदलताना मिळणारी सवलत हातची जाते. दिवसात तीन-चारदा चढ-उतार होणार असेल तर एक दिवसाचा पास स्वस्त पडतो.

मोठ्या चार बॅगा आणि लांबच्या प्रवासाने थकलेले ज्येष्ठ असतील तर मात्र सरळ गाडी बोलवा.

आम्ही उपनगरात उतरणार आहोत. गाडी न्यावी की ट्रेनने जावं?

ट्रेनने. नेपरव्हिल आणि ऑरोराहून मेट्रा या उपनगरी रेल्वेची बीएनएसएफ लाइन आहे, शॉमबर्गहून मिलवॉकी डिस्ट्रिक्ट वेस्ट. दोन्ही युनियन स्टेशनवर आणून सोडतात. हे १९२५ सालचं स्टेशन स्वतःच बघण्यासारखं आहे. ग्रेट हॉलमध्ये दहा मिनिटं बाकावर बसा आणि वर काचेच्या छताकडे बघा.

गाडी नेली तर पार्किंगला दिवसाचे चाळीस-पन्नास डॉलर सहज जातात. त्यातून डाउनटाउनचे रस्ते काही ठिकाणी दुमजली आहेत. खालच्या वॅकर ड्राइव्हवर फोनचा जीपीएस हरवतो आणि नवखा माणूस भलतीकडेच निघतो. पार्किंगची जागा अ‍ॅपवर आधी आरक्षित करता येते आणि ती आयत्या वेळच्या दरापेक्षा बरीच स्वस्त पडते. सोबत लहान बाळ असेल तर हा मार्ग धरा. इतर सगळ्यांना माझा सल्ला मेट्राचाच.

एकच दिवस हातात असेल तर?

सकाळी लवकर मिलेनियम पार्कला पोचा. क्लाउड गेट, म्हणजे ज्याला सगळे ‘बीन’ म्हणतात ते शिल्प, गर्दीच्या आधी बघून घ्या. रस्ता ओलांडला की शिकागो कल्चरल सेंटर. तिथून मिशिगन अव्हेन्यूने उत्तरेकडे चालत नदीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. दुपारी नदीतली स्थापत्य-सफर करा. जेवण झाल्यावर रिव्हरवॉकने पश्चिमेकडे रमतगमत जा आणि स्टेट स्ट्रीटवरून परत लूपमध्ये या. डेली प्लाझात पिकासोचं १९६७ सालचं पन्नास फुटी शिल्प उभं आहे, लहान मुलं त्यावरून घसरगुंडी खेळतात आणि कुणी हटकत नाही. संध्याकाळी बकिंगहॅम फाउंटन. हे १९२७ सालचं कारंजं उन्हाळ्यात ठरावीक वेळाने उंच उडतं आणि अंधार पडल्यावर रंगीत दिव्यांत दिसतं.

या दिवसात उंच मनोरा किंवा संग्रहालय कोंबू नका. दोन्हींना रांग असते, आणि रांगेत गेलेले दोन तास नदीकाठी घालवले तर शहर जास्त कळतं.

नदीतल्या बोटीचं तिकीट महाग वाटतं. खरंच घ्यावं का?

या यादीत पैसे खर्च करावेत अशी एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. माणशी पन्नास डॉलरच्या पुढे जातं हे खरं. पण दीड तासात जे बघायला आणि ऐकायला मिळतं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही.

गोष्ट अशी आहे. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला भयंकर आग लागली. सुमारे तीनशे माणसं गेली, एक लाखाच्या आसपास बेघर झाली आणि शहराचा मधला भाग जवळपास पुसला गेला. मोकळ्या झालेल्या महाग जमिनीवर नव्याने बांधायचं होतं, पोलाद आणि लिफ्ट या दोन गोष्टी त्याच काळात हाताशी आल्या होत्या, आणि देशभरातले वास्तुविशारद काम शोधत इथे आले. १८८५ साली विल्यम ल बॅरन जेनी यांची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग पुरी झाली. इमारतीचं वजन दगडी भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्याने पेललं, म्हणून तिला पुष्कळ जण जगातली पहिली गगनचुंबी इमारत मानतात. ती १९३१ साली पाडली गेली. पण त्या सांगाड्यातून पुढे काय काय उभं राहिलं ते नदीच्या दोन्ही काठांवर ओळीने दिसतं. शुभ्र रिग्ली बिल्डिंग, १९३० सालचं अवाढव्य मर्चंडाइज मार्ट, मक्याच्या कणसांसारखे दिसणारे मरीना सिटीचे जोडमनोरे, ज्यांच्या खालच्या एकोणीस मजल्यांवर फक्त मोटारी ठेवलेल्या असतात. आणि जीन गँग यांनी उभारलेला निळसर सेंट रेजिस मनोरा, स्त्री वास्तुविशारदाने रचलेल्या इमारतींत जगात सर्वांत उंच.

नदीची स्वतःचीही एक कहाणी आहे. ती पूर्वी सरोवराला मिळत असे. शहराचं सांडपाणी नदीत, नदी सरोवरात, आणि प्यायचं पाणी त्याच सरोवरातून. रोगराई थांबवण्यासाठी इंजिनियरांनी अठ्ठावीस मैलांचा कालवा खोदला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आज नदी सरोवरापासून दूर वाहते. तुमची बोट ज्या पाण्यावर चालते ते माणसाने वळवलेलं पाणी आहे, हे कळल्यावर त्या शांत पाण्याकडे बघण्याची नजर बदलते.

शिकागो आर्किटेक्चर सेंटरच्या बोटीवरचे मार्गदर्शक प्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि मनापासून बोलतात. इंग्रजी वेगात असतं. आई-बाबांना सगळं समजेल का अशी शंका असेल तर वरच्या चार ओळी त्यांना आधी सांगून ठेवा, पुढचं डोळ्यांनी कळतं. वरच्या डेकवर सावली नसते. टोपी न्या. आणि बोट साधारण एप्रिल ते नोव्हेंबरच चालते.

विलिस टॉवर की हॅनकॉक?

या दोन उंच इमारतींपैकी एकच करा. नजाऱ्यासाठी मी हॅनकॉक निवडतो. त्याचं आजचं अधिकृत नाव ८७५ नॉर्थ मिशिगन अव्हेन्यू. चौऱ्याण्णवाव्या मजल्यावरून सरोवराचा काठ, वाळूचे किनारे आणि दक्षिणेकडे सगळा डाउनटाउन एका नजरेत येतो. रांगही तुलनेने लहान असते. विलिसच्या १०३व्या मजल्यावर काचेच्या पेटीत उभं राहून थेट खाली बघता येतं, मुलांना त्याचंच आकर्षण असतं. मुलं असतील तर विलिस, आणि जायचं तर उघडताच किंवा रात्री उशिरा. त्या दिवशी ढग खाली उतरलेले असतील तर पैसे घालवू नका. खाली रस्त्यावरून वरचे मजले दिसत नसतील, तर वरून खालचा रस्ताही दिसणार नाही.

कुठलाही निवडा, पण एक नाव माहीत असू द्या. फझलुर रहमान खान. १९२९ साली ढाक्यात जन्म, शिवपूरच्या बंगाल इंजिनियरिंग कॉलेजात शिक्षण, पुढे इलिनॉय विद्यापीठ. या दोन्ही इमारतींचे संरचना अभियंते तेच. इतक्या उंचीवर खरा प्रश्न वाऱ्याचा असतो. नेहमीच्या पद्धतीने खांब-तुळया वाढवत नेल्या तर पोलादाचा खर्च हाताबाहेर जातो. खान यांनी इमारतीची बाहेरची बाजूच ताठ नळीसारखी केली. हॅनकॉकच्या अंगावर दिसणारे प्रचंड फुलीचे आकार शोभेसाठी नाहीत, वाऱ्याचा जोर तेच जमिनीपर्यंत नेतात. विलिसमध्ये त्यांनी अशा नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या. त्यांतल्या काही मध्येच थांबतात आणि दोनच शेवटपर्यंत, ११० मजल्यांपर्यंत जातात. इमारतीला पायऱ्या पडल्यासारख्या दिसतात त्या त्यामुळे. १४५१ फुटांची ही इमारत १९९८ पर्यंत जगातली सर्वांत उंच होती. आपल्या उपखंडातल्या मुलाने शिकागोचं आकाश घडवलं, हे बरोबरच्या मुलांना नक्की सांगा.

विवेकानंदांनी भाषण केलं ती जागा बघता येते का?

येते, आणि बहुतेकांना माहीत नसतं की ती अगदी मिलेनियम पार्कला लागून आहे. मिशिगन अव्हेन्यूवरची दोन ब्राँझच्या सिंहांची इमारत, आर्ट इन्स्टिट्यूट, हीच ती. १८९३ साली शिकागोत भव्य जागतिक प्रदर्शन भरलं. त्याला जोडून भरणाऱ्या परिषदांसाठी ही इमारत बांधली, आणि परिषदा संपल्यावर ती संग्रहालयाकडे गेली. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेच्या पहिल्या दिवशी विवेकानंद इथे बोलले. ते ज्या सभागृहात बोलले, ते हॉल ऑफ कोलंबस, परिषदेपुरतंच उभारलेलं होतं, त्यामुळे ते आज दिसत नाही. इमारत मात्र तीच आहे. बाहेर मिशिगन अव्हेन्यूच्या त्या भागाला शहराने ‘स्वामी विवेकानंद वे’ हे मानाचं नाव दिलेलं आहे, खांबावरची तपकिरी पाटी शोधा.

परिषदेच्या आधी हा तरुण संन्यासी शिकागोत पत्ता हरवून बसला होता. रात्र रेल्वेच्या आवारात काढली, सकाळी दारोदार विचारत फिरला, आणि शेवटी डिअरबॉर्न अव्हेन्यूवर हेल कुटुंबातल्या बाईंनी त्याला घरात घेतलं. हे ठाऊक असलं की आर्ट इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर उभं राहताना वेगळंच वाटतं. माझ्या ओळखीच्या एका आजींनी आत जायच्या आधी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला होता. मला ते अगदी योग्य वाटलं.

आणखी एक दुवा. २०१० साली, भाषणाच्याच तारखेला, मुंबईचे चित्रकार जितीश कलाट यांनी संग्रहालयाच्या मुख्य जिन्याच्या पायऱ्यांवर विवेकानंदांचं संपूर्ण भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं. अक्षरांचे रंग होते अमेरिकेच्या सुरक्षा खात्याच्या दहशतवाद-इशाऱ्यांचे पाच रंग. ११ सप्टेंबर १८९३ आणि ११ सप्टेंबर २००१ या दोन तारखा एकाच जिन्यावर आल्या. ही मांडणी कायमची नाही, पण त्या जिन्याने चढताना आठवण ठेवावी.

आत गेलात तर दोन-तीन तास द्या. सुरा यांचं ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेलं विशाल चित्र, वान गॉगची शयनखोली, हॉपरचं रात्रीच्या उपाहारगृहाचं चित्र, ग्रँट वुडचं पंजा-काटा हातात धरलेल्या शेतकऱ्याचं चित्र ही सगळी इथे आहेत. भारतातल्या मूर्तींचं दालनही चुकवू नका. संग्रहालय साधारणपणे मंगळवार-बुधवारी बंद असतं, ते बघूनच दिवस ठरवा.

बीनमध्ये एवढं काय आहे?

फोटोत बघून कळत नाही. बीनचे शिल्पकार अनीश कपूर यांचा जन्म मुंबईचा, १९५४ सालचा. पोलादाचे १६८ पत्रे जोडून हे शिल्प केलं आणि सांधे इतके घासले की एकही दिसत नाही. त्याच्या कमानीखाली जाऊन वर बघा, तिथे आपलीच प्रतिबिंबं वितळत वर जातात. सकाळी लवकर, ऊन मागे असताना, इमारतींची सगळी रांग त्यात वाकलेली दिसते. पलीकडेच क्राउन फाउंटनचे पन्नास फुटी मनोरे आहेत, त्यांवर शिकागोकरांचे चेहरे उमटतात आणि तोंडातून पाण्याची चूळ सुटते. मुलांसाठी कोरडे कपडे घेऊन जा.

मुलांसाठी कोणतं संग्रहालय?

आठ वर्षांच्या आतल्या मुलांना शेड अ‍ॅक्वेरियम. मोठ्यांना फील्ड म्युझियम, कारण तिथे ‘सू’ आहे. टी-रेक्सचा हा सांगाडा चाळीस फूट लांब, सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षं जुना, आणि आजवर सापडलेल्या सर्वांत पूर्ण सांगाड्यांपैकी एक. दोन्ही इमारती शेजारी-शेजारी आहेत, पण दोन्ही एका दिवशी करू नका.

यंत्रांची आवड असलेल्यांनी दक्षिणेला ग्रिफिन म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री गाठावं. तिथे १९४४ साली अटलांटिकमध्ये पकडलेली जर्मन पाणबुडी यू-५०५ अख्खी ठेवलेली आहे, आत उतरून बघता येते.

तुम्ही इलिनॉयमध्ये राहत असाल तर बहुतेक मोठ्या संग्रहालयांचे इलिनॉयवासीयांसाठी मोफत दिवस असतात. पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. भारतातून आलेल्या आई-बाबांना मात्र तो लाभ मिळत नाही.

सिटीपास घ्यावा का?

हा अनेक ठिकाणांच्या तिकिटांचा एकत्र गठ्ठा. तीनपेक्षा जास्त तिकिटांची ठिकाणं नक्की करणार असाल तरच घ्या. घेतला की तो वसूल करायच्या मागे लागायला होतं.

फुकटात काय काय बघता येईल?

बरंच. कल्चरल सेंटर ही १८९७ सालची जुनी ग्रंथालयाची इमारत. तिच्यात ३८ फूट व्यासाचा टिफनी काचेचा घुमट आहे, माझ्या मते डाउनटाउनमधली सर्वांत सुंदर खोली त्याच्याखाली आहे. लिंकन पार्क झू १८६८ पासूनचं, प्रवेश मोफत. पिल्सनमधलं नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्टही मोफत, पिंक लाइनच्या एटीन्थ स्टेशनवर उतरताच भिंतीभर चित्रं सुरू होतात. उन्हाळ्यात मिलेनियम पार्कच्या प्रित्झकर पॅव्हिलियनमध्ये ग्रँट पार्क महोत्सवाचे वाद्यवृंद हिरवळीवर बसून ऐकता येतात. घरून पोळी-भाजीचा डबा आणि चादर न्या, सगळे तेच करतात. नेव्ही पिअरवर उन्हाळ्यात आठवड्यातून दोन रात्री आतषबाजी होते. तिथल्या मोठ्या पाळण्याच्या मागे इतिहास आहे, कारण जॉर्ज फेरिस यांनी पहिलं फेरिस व्हील १८९३ च्या प्रदर्शनासाठी इथेच, शिकागोत उभारलं होतं.

ट्रिब्यून टॉवरच्या भिंतीत जगभरातल्या प्रसिद्ध वास्तूंचे तुकडे बसवले आहेत. त्यांत ताजमहालचाही आहे. रस्त्यावरून चालता चालता शोधायला मुलांना मजा येते.

शिकागो ग्रीटर नावाचा एक उपक्रम आहे. शहरातले स्वयंसेवक पाहुण्यांना एखादी वस्ती पायी फिरवून दाखवतात, पैसे घेत नाहीत. आधी नाव नोंदवावं लागतं. सासरे-जावई अशी जोडी असेल तर हे जरूर करा, गप्पांना विषय मिळतो.

आणि सरोवराचा काठ. अठरा मैलांचा रस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी, एका बाजूला अथांग गोडं पाणी. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण हा समुद्रच असणार म्हणतो. पाणी चाखून बघा.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

डीप-डिश पिझ्झा खाता येतो. १९४३ साली पिझ्झेरिया ऊनोमध्ये त्याची सुरुवात झाली असं मानतात. जाड कडेच्या पात्रात आधी चीज, मग भाज्या, सर्वांत वर टोमॅटोचा रस्सा. पालकाचा मागवा. भाजायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून खूप भूक लागायच्या आधी जा, आणि चौघांना मध्यम आकाराचा एक पुरतो.

इथला प्रसिद्ध हॉट डॉग आणि इटालियन बीफ सँडविच दोन्ही गोमांसाचे असतात. खाणाऱ्यांना आवडतात, न खाणाऱ्यांनी नाव बघून फसू नये. ज्यांना दोन्ही नको त्यांच्यासाठी कॅरॅमल आणि चीज एकत्र घातलेलं पॉपकॉर्न आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण पुडी रिकामी होते.

आपल्या जेवणाची आठवण आली की डेव्हन अव्हेन्यू. रेड लाइनने लॉयोला स्टेशन, तिथून १५५ नंबरची बस. रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग असं मानाचं नाव आहे, थोडं पुढे जिनांच्या नावाचा भाग लागतो. डोसा, चाट, हैदराबादी बिर्याणी, मिठाई, साड्या, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या सगळं मिळतं. अमेरिकाभर पसरलेल्या पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर निघालं. मराठी जेवणाची खानावळ मात्र इथे शोधू नका. पिठलं-भाकरी हवी तर महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला या, गणपतीत आलात तर उत्तमच.

आई-बाबांना फार चालवत नाही. आणि स्वच्छतागृहांचं काय?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, म्हणून सविस्तर सांगतो. शहराच्या ट्रेन स्टेशनांवर प्रवाशांसाठी स्वच्छतागृह नसतं. त्यामुळे दिवस आखताना ठिकाणं आधी हेरून ठेवा. कल्चरल सेंटर, मिलेनियम पार्क, युनियन स्टेशन, मोठी दुकानं आणि कुठलंही संग्रहालय चालतं. मोठ्या संग्रहालयांत व्हीलचेअर मागितली की मिळते. मागायला लाजू नका, संग्रहालयात तीन तास उभं राहणं तरुणांनाही जड जातं.

शहरातल्या सगळ्या बसमध्ये व्हीलचेअर चढते. ट्रेनच्या बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट आहे, पण सगळ्यांवर नाही, तेव्हा नकाशावर आधी बघून घ्या. बसल्या बसल्या शहर दाखवायचं असेल तर ब्राउन लाइनमध्ये बसवा. १८९७ पासून उभ्या असलेल्या लोखंडी पुलांवरून ही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांना घासत लूपला वळसा घालते आणि नदी ओलांडते. एका भाड्यात एवढं दुसरं काही नाही.

भारतातून येणाऱ्या ज्येष्ठांचा वैद्यकीय विमा मात्र आधी काढा. इथे रुग्णालयाचा एक फेरा सगळ्या सहलीपेक्षा महाग पडतो.

शिकागो सुरक्षित आहे का? बातम्यांमुळे भीती वाटते.

बातम्यांतला हिंसाचार खरा आहे, आणि ज्या वस्त्यांना तो सोसावा लागतो त्यांच्यासाठी तो फार दुःखाचा आहे. पण प्रवासी फिरतात तो लूप, रिव्हर नॉर्थ, गोल्ड कोस्ट, लिंकन पार्क, म्युझियम कॅम्पस हा भाग दिवसभर गजबजलेला असतो. मोठ्या शहरात घ्यायची ती काळजी घ्या. मोटारीत बॅग दिसेल अशी ठेवू नका. ट्रेनच्या दाराजवळ बसून फोन हातात मिरवू नका. रात्री उशिरा रिकामा डबा टाळून चालकाजवळच्या डब्यात बसा. फार रात्र झाली तर टॅक्सी करा.

हिवाळ्यातच यायला जमतंय. यावं का?

जरूर या. डिसेंबरमध्ये डेली प्लाझात जर्मन धर्तीची ख्रिसमस बाजारपेठ भरते आणि मिलेनियम पार्कमध्ये बर्फावर स्केटिंग चालतं. जानेवारीत काठावर गोठलेलं सरोवर बघायला मिळतं, ते दृश्य उन्हाळ्यात येणाऱ्यांच्या नशिबी नसतं. बर्फावर मात्र पाय टाकू नका. लूपमधल्या बऱ्याच इमारती पेडवे नावाच्या भुयारी वाटांनी जोडलेल्या आहेत, त्यामुळे वाऱ्यात न येता बरंच फिरता येतं. स्वेटरवर स्वेटर चढवण्यापेक्षा वारा अडवणारं एक जाकीट, कान झाकणारी टोपी आणि जाड तळव्याचे बूट जास्त उपयोगी.

टिप किती द्यायची?

बसून जेवलात तर अठरा ते वीस टक्के. पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो, शिकागोत विक्रीकर दहा टक्क्यांच्या थोडा वर आहे आणि हॉटेलातल्या जेवणावर त्याहून थोडा जास्त. थोडक्यात, मेनूवरचा आकडा बिलात जवळपास तीस टक्क्यांनी वाढतो. बिलात सेवाशुल्क आधीच लावलंय का ते बघा, मग वेगळी टिप द्यायची नसते.

देवळं कोणती आहेत?

लेमॉन्टचं हिंदू मंदिर टेकडीवर आहे, आवारात विवेकानंदांचा पुतळा आहे. बार्टलेटचं संगमरवरी स्वामीनारायण मंदिर २००४ सालचं. दोन्हीकडे जायला मोटार हवी. ट्रेनने जायचं तर विल्मेटचं बहाई मंदिर बघा, पर्पल लाइनच्या शेवटच्या लिंडन स्टेशनवरून चालत काही मिनिटं. दिल्लीचं लोटस टेम्पल ज्यांनी पाहिलंय त्यांना नऊ बाजूंची रचना लगेच ओळखू येईल. हे १९५३ साली खुलं झालं, म्हणजे दिल्लीच्या कितीतरी आधी, आणि त्याच्या घुमटावरची नक्षी जाळीकामासारखी आहे.

हाइड पार्कला काय आहे?

विद्यार्थ्यांना घेऊन नक्की जा. मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिकने थोड्याच वेळात पोचता येतं. शिकागो विद्यापीठाचं दगडी आवार आहे. खगोलशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर १९३७ पासून या विद्यापीठात होते, १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी माणसाने घडवलेली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया याच आवारात, खेळाच्या मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली केली. आज तिथे हेन्री मूर यांचं ब्राँझ शिल्प आहे. शेजारच्या रस्त्यावर वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचं १९१० सालचं रोबी हाउस. आत जायचं तर वेळ आधी ठरवावी लागते, बाहेरून बघायला काहीच लागत नाही.

शिकागोहून नायगरा दोन दिवसांत होईल का?

मोटारीने नको. एका बाजूचा प्रवास पाचशे मैलांहून जास्त, नऊ तासांच्या आसपास. शनिवार-रविवारी जाऊन आलात तर धबधब्यापाशी चार तास मिळतील आणि आई-बाबांची पाठ आठवडाभर दुखेल. तीन-चार दिवस असतील तरच निघा किंवा बफेलोपर्यंत विमानाने जा.

एका दिवसाची सहल हवी असेल तर जवळचे पर्याय पुष्कळ आहेत. मिलवॉकीला अ‍ॅमट्रॅकची गाडी दीड तासात नेते. इंडियाना ड्यून्स राष्ट्रीय उद्यानात वाळूच्या टेकड्या आणि सरोवर दोन्ही आहेत, तिथे मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोअर लाइन जाते. दीड-दोन तास मोटारीने जायची तयारी असेल तर स्टार्व्हड रॉक हे उद्यान. वसंतात बर्फ वितळल्यावर किंवा चांगला पाऊस पडून गेल्यावर जा. त्या दिवसांत तिथल्या घळींमधले धबधबे भरून वाहतात, एरवी ऑगस्टमध्ये ते पार आटलेले असतात. वाटेत लाकडी जिने बरेच आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना नदीकाठच्या सपाट वाटेवर न्या.